आजीचे पुराण

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त भरलेल्या आजी-आजोबा मेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



महोत्सव समितीने मला विषय दिला आहे, ‘कुटुंबासाठी आणि समाजासाठी झिजलेली आजी’. विषय मनाजोगा आहे. मात्र त्यातील ‘झिजलेली’ या शब्दापाशी मला थोडे थांबावेसे वाटते. आपल्याकडे आजी गेली की वर्तमानपत्रात चार ओळी छापून येतात. त्या प्रेमळ होत्या, मनमिळाऊ होत्या, धार्मिक वृत्तीच्या होत्या, कुटुंबासाठी चंदनासारख्या झिजल्या. या चार विशेषणांतले एकही खोटे नसते. परंतु ती कोणत्याही आजीला लागू पडतात, आणि म्हणून ती कोणत्याच एका आजीची नसतात. ती कशाला ‘नाही’ म्हणाली, काय शिकली, कोणाशी भांडली आणि काय करायचे तिचे राहून गेले, हे सारे त्या चंदनाच्या सुगंधात विरून जाते.

म्हणून आज मी अशा एका आजीविषयी बोलणार आहे, जिने स्वतःची हकिगत स्वतःच्या शब्दांत मागे ठेवली. त्या म्हणजे आनंदीबाई कर्वे, अर्थात बाया कर्वे. महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या त्या पत्नी. इरावती कर्वे यांच्या सासूबाई. जाई निंबकर व गौरी देशपांडे या लेखिकांच्या आणि शास्त्रज्ञ आनंद कर्वे यांच्या आजी. या नात्यांनी त्यांची ओळख करून द्यावी लागते, हीच आपल्या विषयाची सुरुवात आहे.

त्यांचे माहेरचे नाव गोदूबाई जोशी. खेळण्याच्या वयात लग्न झाले आणि त्याच वयात वैधव्य आले. त्यानंतरची वर्षे सासरच्या घरकामात गेली. त्यांचे बंधू नरहर बाळकृष्ण जोशी मुंबईत शिकत होते आणि कर्व्यांचे मित्र होते. भावाच्या आधाराने गोदूबाई मुंबईला आल्या. ११ मार्च १८८९ रोजी पंडिता रमाबाईंनी मुंबईत ‘शारदा सदन’ उघडले आणि त्या शाळेची पहिली विधवा विद्यार्थिनी म्हणून गोदूबाईंनी पाटी हाती घेतली. तेव्हा त्यांचे वय विशीच्या पुढे गेले होते. पुढे सदन पुण्यास हलले. कर्व्यांच्या प्रथम पत्नी राधाबाई १८९१ मध्ये निवर्तल्या. ११ मार्च १८९३ रोजी, म्हणजे सदन उघडल्याला बरोबर चार वर्षे होत असता, पुण्यात गोदूबाईंचा कर्व्यांशी पुनर्विवाह झाला आणि त्या आनंदीबाई झाल्या.

त्या विवाहाची किंमत आज आपल्याला सहज कळणार नाही. कर्व्यांच्या मुरूड गावाने बहिष्कार घातला. सख्ख्या आईला मुलाला घरात घेणे अशक्य व्हावे, असा तो बहिष्कार होता. इतिहासाची पुस्तके येथे अण्णांच्या धैर्याचे वर्णन करतात, आणि ते योग्यच आहे. परंतु त्या बहिष्काराचा रोजचा भार स्त्रीवर अधिक पडतो. हळदीकुंकवाला कोण बोलावते, पाणवठ्यावर कोण बाजूला सरते, मुलांच्या मुंजी-बारशाला कोण येते, हे हिशेब घरातील बाईलाच मांडावे लागतात.

१८९६ मध्ये अण्णांनी अनाथ बालिकाश्रम स्थापन केला. १९०० मध्ये तो पुण्याबाहेर हिंगणे येथे एका झोपडीत गेला. अण्णा फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवीत आणि काम आटोपून हिंगण्याची वाट पायी तुडवीत. ही गोष्ट आपल्या पाठ्यपुस्तकांतून पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली आहे. तिचा दुसरा भाग क्वचित सांगितला जातो. आश्रमात पुनर्विवाहित स्त्रीचा उघड वावर असेल, तर पालक आपल्या विधवा मुली तेथे धाडणार नाहीत, ही भीती खरी होती. त्यामुळे जिच्या आयुष्यातून या कार्याला जिवंत उदाहरण मिळाले, त्याच बायांना प्रारंभी आश्रमाच्या कामापासून दूर राहावे लागले. त्या पुण्यात मुलांना घेऊन संसार चालवीत राहिल्या.

तो संसारही तुटपुंज्या मिळकतीचा होता. अण्णांनी साठवलेले पैसे आश्रमाला दिले. विम्याची पॉलिसीही आश्रमाच्या नावे केली. त्या वेळी बाया गप्प बसल्या नाहीत. उद्या तुमचे काही बरेवाईट झाले तर या मुलांचे काय, हा त्यांचा प्रश्न होता आणि त्यावरून पती-पत्नींत कडाक्याचा वाद झाला. मला हा वाद फार महत्त्वाचा वाटतो. ज्या स्त्रीने बालपणीच निराधारपण भोगले होते, तिने मुलांच्या भाकरीची हमी मागणे हा कार्याला विरोध म्हणता येत नाही; निराधार स्त्री कशी घडते, हे तिच्याइतके कोणाला ठाऊक असणार? बायांनी नागपूरला जाऊन परिचर्येचे शिक्षण घेतले आणि पुढे आश्रमासाठी त्या स्वतः वर्गणी मागत फिरल्या. वाद घालणारी बाई आणि झोळी घेऊन फिरणारी बाई एकच होती. आपण आजीचे गुणगान करताना यातली दुसरी बाई ठेवतो आणि पहिली वगळतो. मग उरते ती केवळ तसबीर.

अण्णांना १९५८ मध्ये भारतरत्न लाभले; बाया १९५० मध्येच गेल्या होत्या. वसंत कानेटकरांनी या दांपत्याच्या जीवनावरून प्रेरणा घेऊन ‘हिमालयाची सावली’ हे गाजलेले नाटक लिहिले. नाटककाराने त्या स्त्रीचे तेज दाखविले, तरी नावात ती सावलीच राहिली. बायांनी स्वतःच्या पुस्तकाला मात्र ‘माझे पुराण’ असे नाव दिले. ‘पुराण’ हा शब्द आपण घरात कसा वापरतो पाहा. आजी जुने काही सांगू लागली की कोणीतरी म्हणते, ‘झाले, लागले हिचे पुराण!’ जो शब्द म्हाताऱ्या बाईचे बोलणे थांबवण्यासाठी वापरला जातो, तोच बायांच्या पुस्तकावर शीर्षक म्हणून आहे. आणि त्याच्या आधी ‘माझे’ हा शब्द आहे.

हे पुराण आपल्यापर्यंत पोहोचले त्याला एक कारण आहे. त्याचे संपादन बायांच्या सूनबाई कावेरी कर्वे यांनी केले. घरातच कोणीतरी या हकिगतीचे मोल जाणले. खानदेशच्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात आणि जात्यावर त्यांना सुचलेले शब्द त्यांचे पुत्र सोपानदेव आणि आप्त यांनी टिपून ठेवले. बहिणाबाई १९५१ मध्ये गेल्या आणि पुढच्याच वर्षी त्यांची गाणी पुस्तकरूपाने महाराष्ट्रासमोर आली. दोन्ही घरांत प्रतिभा आजीची, आणि लेखणी धरणारा हात पुढच्या पिढीचा. तो हात नसता, तर बहिणाबाईंच्या वाट्यालाही ‘प्रेमळ, मनमिळाऊ, धार्मिक’ एवढेच शब्द आले असते.

आता आपल्या जवाहर नगराकडे वळू. आपली मुले गल्लीत खेळताना ‘दादी’ आणि ‘नानी’ हे शब्द ऐकतात. हिंदीत वडिलांच्या आईला वेगळा शब्द आहे, आईच्या आईला वेगळा. मराठीने दोघींना एकच शब्द दिला, आजी. महाराष्ट्रापासून इतक्या दूर हा शब्द आपल्या घरांत टिकला, कारण तो शब्द ज्यांचा आहे त्या आज्यांनी तो टिकवला. शाळा व्याकरण शिकवते, शुद्धलेखन शिकवते. परंतु लाड कोणत्या भाषेत करायचे, रागवायचे कोणत्या भाषेत, ताप आलेल्या मुलाच्या उशाशी बसून काय पुटपुटायचे, हे शिकवणारा तास आमच्या वेळापत्रकात नाही. तो तास आजी घेते. जयपूरच्या कडक उन्हात गच्चीवर कुरडया-सांडगे घालताना, भिंतीवरच्या कालनिर्णयात चतुर्थी पाहताना, ती नकळत शब्दांचा साठा पुढच्या पिढीला देत असते. ती गेली की तो साठाही जातो.

आपल्यापैकी काही म्हणतील, ‘बाई, आमची आजी काही बाया कर्वे नव्हे.’ मान्य आहे. परंतु अनोळखी भाषेच्या शहरात ज्यांनी पहिले बिऱ्हाड थाटले, भाजीवाल्याशी खुणांनी व्यवहार केला, शेजारणींची बाळंतपणे निभावली, नव्याने आलेल्या मराठी कुटुंबाला महिनाभर जेवू घातले, त्यांच्या कामाला आपण काय नाव देणार? शाळेच्या प्रवेश-अर्जावर वडिलांचे नाव, आईचे नाव, व्यवसाय, उत्पन्न असे रकाने असतात. आजीसाठी रकाना नसतो. किती मुलांना आजीचे माहेरचे नाव सांगता येईल? लग्नानंतर नाव बदललेल्या आज्यांचे मूळ नाव तर घरातल्या घरातही कित्येकांना ठाऊक नसते. गोदूबाई हे नाव आज आपल्याला कळले, ते लिहिले गेले म्हणूनच.

ठाणे जिल्ह्याच्या मुरबाड तालुक्यात फांगणे नावाचे गाव आहे. तेथे जिल्हा परिषदेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांच्या पुढाकाराने ८ मार्च २०१६ रोजी ‘आजीबाईंची शाळा’ सुरू झाली. गुलाबी नऊवारी नेसून, दप्तर घेऊन साठीच्या पुढच्या आज्या तेथे मुळाक्षरे गिरवू लागल्या. त्या बातमीचे कौतुक सर्वांनी केले. एक शिक्षिका म्हणून मला त्यात वेगळा धडा दिसतो. आजीला शिकायचे होते. विचारणारे कोणी नव्हते इतकेच.

म्हणून हीरक महोत्सवानिमित्त माझी एक मागणी आहे. ती देणगीची नाही. या वर्षापासून पाचवीच्या पुढील प्रत्येक विद्यार्थ्याने एक वही घालावी आणि तिच्यावर ‘आजीची वही’ असे लिहावे. प्रश्न साधेच असावेत. तुझे माहेरचे नाव काय? शाळा कितवीत सुटली आणि का? जयपूरला कोणत्या साली आलीस, कोणाबरोबर? पहिला पैसा कशातून मिळवलास आणि तो कशावर खर्च केलास? कोणत्या गोष्टीला तू ‘नाही’ म्हणालीस? काय करायचे राहून गेले?

दोन नियम मात्र कटाक्षाने पाळावेत. आजी बोलेल तसे लिहावे. तिची भाषा ‘सुधारू’ नये. तिने ‘व्हतं’ म्हटले तर ‘व्हतं’च लिहावे, त्याचे गुण आम्ही कापणार नाही. आणि तिची तक्रार गाळू नये. घरातल्या कोणाविषयी ती असली, तरी ती तिच्या आयुष्याची नोंद आहे. वही घरीच राहू द्यावी. ज्या घरांची संमती असेल, त्यांची प्रत शाळेच्या ग्रंथालयात जपून ठेवण्याची जबाबदारी आमची.

माजी विद्यार्थ्यांनो, तुमच्यापैकी अनेकांच्या आज्या आता नाहीत. त्यांच्याविषयी तुमच्या आईला विचारा, आत्याला विचारा, मावशीला विचारा. तुमची आई आता स्वतःच आजी झाली असेल, तर उशीर न करता आधी तिच्याविषयी तिलाच विचारा.

आणि पहिल्या रांगांतल्या आज्यांनो, उद्या नातवंडे वही घेऊन समोर बसली की ‘माझ्यात काय सांगण्यासारखे आहे’ असे म्हणू नका. निवांत बसा आणि आपले पुराण लावा. लिहून घ्यायला आम्ही मुलांना शिकवले आहे.