बयाणा घेतला, पण वही कोणाकडे?

(कोन, ता. पनवेल येथे वाड्यांच्या बैठकीत केलेले भाषण. ज्यांना येता आलं नाही त्यांच्यासाठी वाडीत कोणीतरी मोठ्याने वाचून दाखवावे.)



भात पिवळं पडलंय. कापणी-झोडणी उरकली की दिवाळीनंतर मुकादमाचा ट्रक वाडीच्या खाली येऊन उभा राहील. दरवर्षी याच मुंबई-पुणे सडकेनं आपली माणसं जातात. ट्रकात भांडी, गोधड्या, कोंबड्या आणि त्यावर पोरं. वाडीत मागे राहतात म्हातारी माणसं आणि कुत्री. ट्रक निघायच्या आत बोलून घ्यावं म्हणून आज आपण इथे कोनला बसलो आहोत. भट्टीवर पोचल्यावर बोलून उपयोग नसतो.

पहिली गोष्ट आम्ही आमच्याच घरची सांगतो. बयाणा आपण दिवाळीत घेत नाही. घेतो आषाढ-श्रावणात. नाचणी-वरी संपलेली असते, मजुरी नसते, मोळी ओली म्हणून पनवेलच्या बाजारात कोणी घेत नाही. कडूकंद उकडून, मुठे पकडून किती दिवस काढायचे? त्यात पोर तापानं फणफणतं. तेव्हा मुकादम छत्री घेऊन दारात येतो. तो गोड बोलतो, नोटा मोजतो, कागदावर अंगठा घेतो. कागदावर काय लिहिलंय ते आपण विचारत नाही, कारण चूल पेटायची असते. कोणाचा बयाणा लग्नापायी असतो. नवरा-नवरीचा संसार सुरू होतो तोच दुसऱ्याच्या भट्टीवर.

आता हिशेब करू. आकडे सोपे धरतो, तुम्ही तुमच्या भट्टीचा दर घाला. समजा एका जोडीनं 1500 रुपये बयाणा उचलला. भट्टीवर आठवड्याला 60 रुपये खर्ची मिळाली, 26 आठवडे, म्हणजे 1560. दोन्ही मिळून झाले 3060. आता काम बघा. नवरा चिखल करतो, बायको थापते, पोरं विटा उलटतात. रात्री दोन-तीनला उठून दिवसाला 800 विटा धरा. 150 दिवसांत 1,20,000 विटा झाल्या. हजारी 30 रुपये दरानं 3600 रुपये. म्हणजे खर्ची-बयाणा फिटून 540 रुपये हातात यायला हवेत.

येतात का? जेठात हिशेबाला बसलं की शेठ म्हणतो, हजारामागे शंभर फुटल्या. गेले 360. मग औषधाचे, तांदळाच्या पोत्याचे, हरवलेल्या ताडपत्रीचे मिळून 300. आता उरले उणे 120. सहा महिने सगळं घर राबलं आणि 120 रुपये अंगावर राहिले. पुढच्या वर्षी मुकादम म्हणणार, मागची बाकी आहे, दुसऱ्या भट्टीवर जाता येणार नाही.

ती फुटीची वजावट नसती तर तीच जोडी 240 रुपये घेऊन घरी आली असती. तेव्हा सगळं अडतं ते एका प्रश्नावर. फुटलेल्या विटा मोजल्या कोणी? थापून, वाळवून, रचून दिलेली वीट आपण दिली. पुढे ती दुसऱ्यांनी वाहिली, भट्टीत लावली, भाजली. तिथे फुटली तर आपल्या पैशातून का? मागच्या बैठकीत एक आजी म्हणाली, "मोजायला आम्ही नाही, फेडायला मात्र आम्ही." तिला आकडे येत नाहीत, पण आमच्यापेक्षा तिला हिशेब चांगला कळतो.

गावातले काही लोक म्हणतात, कातकरी पितो म्हणून कर्जात आहे. आपण खोटं बोलू नये, दारू आहे, आणि तिचा मार बायांना बसतो. पण बयाण्याच्या दिवशी बाटली कोण आणतो तेही सांगा. आणि वरच्या हिशेबात दारूचा एक पैसा धरलेला नाही, तरी बाकी अंगावर राहिलीच.

बयाणा नको तर मग खायचं काय, असं तुम्ही विचाराल. बरोबर आहे. हे असं का झालं ते पाहू. आपलं पोट जंगलावर होतं. खैराचा कात काढणारे म्हणून आपलं नाव कातकरी पडलं. इंग्रजांनी 1878 च्या कायद्यानं जंगल राखीव करायला घेतलं, तिथून आपण आपल्याच रानात चोर झालो. इथून जवळच चिरनेरला 25 सप्टेंबर 1930 ला लोक जंगल सत्याग्रहाला गेले, गोळीबार झाला. त्यातल्या हुतात्म्यांत नाग्या महादू कातकरी हे आपल्यातलं नाव आहे. स्वराज्य आलं, पण दळीच्या जमिनीचा सातबारा आपल्या नावावर झाला नाही. पिढ्यानपिढ्या नाचणी आपण पिकवतो, पण कागद नाही म्हणून सोसायटी दारात उभं करत नाही. शेतकऱ्याला पीककर्ज मिळतं, आपल्याला मिळतो तो मुकादम. म्हणून जमिनीचा दावा आणि बयाण्याचा दोर ही दोन भांडणं नाहीत. जो दळीचा अर्ज भरायला आळस करतो त्यानं हे लक्षात घ्यावं.

आणि कोणी असं समजू नये की हे आपल्याच नशिबात आहे. 18 जानेवारी 1982 ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला, पुढे हजारो कामगार कोकणात गावी परतले, भांडी विकून खाल्लं. तेही कर्जातच गेले. आपण थापलेल्या विटांनी नवी मुंबईच्या इमारती उभ्या राहतात, आणि आपल्या घराला अजून कुडाची भिंत आहे.

आता कायद्याचं. हे नीट ऐका. 1975 साली आणीबाणीत राज्य सरकारनं कर्जमुक्तीचा कायदा आणला. 22 ऑगस्ट 1975 च्या आधीचं शेतमजुराचं, गरीब शेतकऱ्याचं सावकारी कर्ज बुडालं, गहाण डाग परत करायचे ठरले. पण तो कायदा जुन्या कर्जाचा. नवं कर्ज दुसऱ्या दिवशी सुरू झालं आणि त्याला सावकारी न म्हणता बयाणा म्हणायला लागले.

त्याच वर्षी ऑक्टोबरात वेठबिगारी बंद करण्याचा वटहुकूम निघाला, 1976 साली त्याचा कायदा झाला. आपल्याला उपयोगी तो हा. कर्जापायी माणसाला बांधून राबवलं, दुसरीकडे जायला मज्जाव केला, तर ती वेठबिगारी आणि ते कर्ज रद्द. रद्द झालेल्या कर्जाचा पैसा घेतला तर तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आणि कर्ज वेठीचं नाही हे सिद्ध करायचं काम शेठचं, आपलं नाही. 1982 साली दिल्लीच्या सुप्रीम कोर्टानं सांगितलं की गरजेपायी किमान वेतनापेक्षा कमी मजुरीत राबणं हीही सक्तीची मजुरी आहे. पुढच्या वर्षी त्याच कोर्टानं दगडखाणीच्या मजुरांच्या खटल्यात म्हटलं की सक्तीनं राबवलेला माणूस दिसला की त्यानं उचल घेतली असेल असं धरून चालायचं. नाही म्हणायचं असेल तर मालकानं दाखवावं.

कायदा आपोआप चालत येत नाही. ठाणे जिल्ह्यातल्या वारल्यांनी 1945 साली लग्नगडीची वेठ मोडली तेव्हा हा कायदा नव्हता. त्यांनी एकत्र बसून ठरवलं की लग्नाच्या कर्जापायी कोणी राबायला जायचं नाही, आणि त्यापायी गोळ्याही खाल्ल्या. एकट्यानं नाही म्हटलं तर दुसऱ्या दिवशी त्याच्या जागी दुसरा उभा असतो. वाडीनं म्हटलं तर मुकादमाला ट्रक रिकामा न्यावा लागतो, आणि पावसाच्या आधी त्याला विटा हव्या असतात.

यंदा भट्टीवर जाऊ नका असं आम्ही म्हणत नाही. म्हणून पोट भरत नाही. पण ज्यांना जायचं आहे त्यांनी असं जावं. कोऱ्या कागदावर अंगठा नाही. बयाण्याची रक्कम, हजारी दर, फूट कोणाची, हे लिहून एक कागद आपल्याकडे. प्रत्येक जोडीकडे एक वही, शाळेत गेलेल्या पोरानं रोज संध्याकाळी त्यात थापलेल्या विटा आणि मिळालेली खर्ची लिहावी. लिहिणारं कोणी नसेल तर दोरीला गाठी मारा, हजाराला एक गाठ. आणि जे मागे राहतील त्यांनी रोजगार हमीच्या कामाचा अर्ज आत्ताच द्यावा, पोच घ्यावी. खावटीचा अर्ज वैशाखातच भरावा लागायचा. ती गणपतीत पोचायची तोवर अंगठा देऊन झालेला असायचा.

शेवटचं काम. कोणत्या वाडीतून किती जोड्या, कोणत्या भट्टीवर, कोणाच्या हाताने आणि किती बयाण्यावर चालल्या, याची यादी दिवाळीच्या आत हवी. एक प्रत तहसीलदाराला देऊन शिक्का घ्यायचा, एक आपल्याकडे. कोणाला भट्टीवर अडवून ठेवलं तर ती यादी घेऊनच आपण निघू. कोनच्या आसपासच्या वाड्यांची नावं आली आहेत, माळडुंगे-धोदाणीकडची यायची आहेत. तिकडचे जे कोणी इथे बसले असतील त्यांनी जाताना कोरे कागद घेऊन जावेत.