डूलिन : सुरांचं गाव

आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, क्लेअर परगण्यात डूलिन हे छोटंसं गाव आहे. मोहरचे उंच कडे जवळच. अ‍ॅरन बेटांच्या बोटीही इथूनच सुटतात. पण गावाचं नाव झालं ते पारंपरिक संगीतामुळे, आणि त्याचं मोठं श्रेय रसेल बंधूंचं. थोरले मायको शेती सांभाळून टिन व्हिसल, म्हणजे सहा भोकांची पत्र्याची बासरी वाजवत. पॅकी कॉन्सर्टिना, तर गसी फ्लूट.

इथल्या मैफलीला मंच लागत नाही. पबच्या कोपऱ्यात टेबलाभोवती वादक जमतात. एकाने धून धरली की बाकीचे तिच्यात मिसळतात आणि न थांबता पुढच्या धुनेवर जातात. समोर स्वरलिपीचा कागद सहसा नसतोच. सारं कानानं शिकलेलं. मायको 1994 मध्ये वारले. त्यांच्या स्मरणार्थ डूलिनमध्ये फेब्रुवारीत संगीत महोत्सव भरतो.