शकाविना संवत्सर

जुन्या जन्मपत्रिकेवरील शकाचा आंकडा पुसला गेला आणि केवळ संवत्सराचें नांव उरलें, तर जोशीबुवांस क्षणभर थांबावें लागतें. प्रभव, विभव आदि नांवें साठच. साठ वर्षांनीं तींच पुन्हां येतात. जातक सहा वर्षांचा कीं सहासष्टांचा, हें नुसत्या नांवावरून कळत नाहीं.

उपग्रहांच्या संदेशांवरून स्थळ व वेळ दाखविणाऱ्या यंत्रांस हीच अडचण येते. अमेरिकेची जी. पी. एस. व्यवस्था ६ जानेवारी १९८० पासून आठवडे मोजते. परंतु मूळ संदेशांत या आंकड्यासाठीं शून्य वा एक मावणारीं दहाच घरें आहेत. त्यांत १०२३ पर्यंतच मजल जाते. पुढचा आठवडा पुन्हां शून्य! भारतीय वेळेप्रमाणें २२ ऑगस्ट १९९९ व ७ एप्रिल २०१९ रोजीं असें घडलें. यापुढें २१ नोव्हेंबर २०३८ रोजीं घडेल. ज्या यंत्राच्या आज्ञावलींत कितवें आवर्तन चाललें आहे हें ओळखण्याची सोय नव्हती, तें एकाएकीं साडेएकोणीस वर्षें मागें गेलें. २०१९ सालीं न्यूयॉर्क नगराचें सरकारी बिनतारी जाळें यामुळेंच कित्येक दिवस बंद पडलें. उपग्रहांवरील घड्याळें मात्र अचूक चालत होतीं. चूक होती ती वेळ वाचणाराची.

दुसरी मेख सेकंदांची. पृथ्वीची गति किंचित् अनियमित असल्यानें व्यवहारांतील वेळेंत अधूनमधून एक सेकंद अधिक घालीत आले, जी. पी. एस. वेळेंत तो घालीत नाहींत. २०१७ पासून या दोहोंत १८ सेकंदांचें अंतर आहे. आज्ञावली लिहिणारा तें विसरला, कीं हिशेब चुकलाच.

हा विषय हिंगोली जिल्ह्यास दूरचा नाहीं. ज्योतिर्लिंगासाठीं प्रसिद्ध असलेल्या औंढा नागनाथच्या परिसरांत चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांची 'लायगो-इंडिया' वेधशाळा व्हावयाची आहे. एप्रिल २०२३ मध्यें केंद्रीय मंत्रिमंडळानें तीस मान्यता दिली. गुरुत्वतरंग टिपणें हें तिचें कार्य. १४ सप्टेंबर २०१५ रोजीं अमेरिकेंतील लिव्हिंग्स्टन येथें असा पहिला तरंग टिपला गेला व अवघ्या सात सहस्रांश सेकंदांनीं तो हॅनफर्ड येथें पोहोंचला. अशा अंतरावरूनच तरंगाची दिशा ठरते, आणि तिच्या निश्चितीस औंढ्यासारखें दूरचें ठिकाण फार उपयोगी पडेल. लायगोच्या नोंदी १९८० पासून मोजलेल्या जी. पी. एस. सेकंदांतच ठेवितात. जेथें सहस्रांश सेकंदाचें मोल, तेथें अठरा सेकंदांची विस्मृति म्हणजे अनर्थच.

उपाय जुनाच आहे. नव्या उपग्रहसंदेशांत आठवड्यांसाठीं तेरा घरें ठेविलीं आहेत. त्यांचें आवर्तन सुमारें १५७ वर्षांचें. तरीहि आवर्तन तें आवर्तनच. म्हणून संवत्सराच्या नांवाशेजारीं शक लिहिण्याची पंचांगकर्त्यांची शिस्त यंत्रांच्या आज्ञावलींतहि पाळली पाहिजे.