आरंभ आणि अधिकारी श्रोता

(शतकमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



आपल्या व्याख्यानमालेतील भाषणे आता यूट्यूबवरून थेट प्रक्षेपित होतात. त्यामुळे मुंबईत, दुबईत किंवा लंडनमध्ये स्थायिक झालेला पेडणेकर वा डिचोलीकरही आपला श्रोता होऊ शकतो. ‘होऊ शकतो’ असे मी जाणूनबुजून म्हणतो. सभागृहात बसलेला मनुष्य कंटाळला तरी भिडेखातर उठत नाही. मोबाईलवरच्या श्रोत्याला अशी भीड नसते. अंगठा जरासा हलला की तो निघून गेलेला असतो. तेव्हा अशा प्रक्षेपणाचा आरंभ कसा असावा आणि आपल्याला हवा तो श्रोता त्याने कसा थांबावा, याचा विचार आज करावयाचा आहे.

साधन नवे असले तरी प्रश्न जुना आहे. आपल्या शास्त्रकारांनी ग्रंथारंभी विषय, प्रयोजन, संबंध आणि अधिकारी या चार गोष्टी सांगून टाकण्याची शिस्त घालून दिली होती. यातला ‘अधिकारी’ म्हणजे ज्याच्यासाठी ग्रंथ आहे तो. समर्थांचा ‘दासबोध’ उघडून पाहा. पहिल्याच समासात श्रोते विचारतात की हा ग्रंथ कोणता, यात काय सांगितले आहे आणि तो ऐकल्याने काय मिळते. आणि समर्थ तेथल्या तेथे उत्तर देतात. देवतांची स्तवने त्यानंतरच्या समासांत येतात. या क्रमाकडे मी आपले विशेष लक्ष वेधतो. कालिदासाच्या ‘शाकुंतला’त नांदी आधी येते खरी, पण ती एका श्लोकात आटोपते, मग सूत्रधार रंगभूमीवर येतो आणि आजची सभा जाणकारांची आहे, नाटक नवे आहे, असे सांगून मोकळा होतो. सभेला जाणकार म्हणणे ही नुसती स्तुती नव्हे. ते ऐकून प्रेक्षक सावरून बसतो.

परंतु शास्त्र आणि संस्कृत नाटक बाजूला ठेवले तरी आपल्या दाराशीच याचा वस्तुपाठ आहे. पेडणे महाल १७८८ साली पोर्तुगिजांकडे जाईपर्यंत सावंतवाडीकरांचा होता. पुढे राज्ये वेगळी झाली, पण तेरेखोल नदीच्या दोन्ही तीरांवरचा दशावतार काही वेगळा झाला नाही. त्या रात्रीचे दोन भाग आपण सर्वजण जाणता. आधी आडदशावतार, मग आख्यान. आडदशावतारात गणपती येतो, रिद्धिसिद्धी येतात, सरस्वती येते, आणि काळ्या वेषातला संकासूर आपल्या बोलीत थट्टामस्करी करून पोरांना हसवतो. तोवर कोणी जेवून येत असतो, कोणी जत्रेतल्या दुकानांपाशी रेंगाळत असतो. कोणाचे काही चुकत नाही, कारण आख्यान अजून लागलेले नसते. थोडक्यात, आडदशावतार हे जमवण्याचे काम करतो आणि आख्यान हे सांगण्याचे. दोन कामांची सरमिसळ दशावतारी नट करीत नाहीत.

आपण मात्र करतो. प्रक्षेपण सुरू होते तेव्हा समई पेटवली जात असते, काडी विझत असते, मग पुष्पगुच्छ, मग मान्यवरांची नावे, मग परिचय. (परिचय करून देणाराच कधी कधी व्याख्यात्याचा अर्धा विषय सांगून टाकतो, तो भाग निराळा.) वीस मिनिटे झाली तरी दूरच्या श्रोत्याला विषय कळलेला नसतो. समई नको असे मी म्हणत नाही. ती सभागृहासाठी आहे. तिचा मान तेथे राखावा. प्रक्षेपणाच्या आधीची दहा मिनिटे पडद्यावर विषय, वक्ता आणि वेळ लिहिलेली स्थिर पाटी असावी, मागे तंबोरा वाजावा. तोच आपला आडदशावतार. आणि चित्र सुरू होताच सूत्रसंचालकाने पहिल्या मिनिटात आजचा विषय काय, तो कोणासाठी आणि ऐकून काय हाती लागेल, एवढेच सांगावे.

‘कोणासाठी’ हे सांगताना संकोच वाटतो, कारण काही लोक गळतील अशी भीती असते. गळू द्यावेत. ‘गोव्यातील मराठी साहित्य’ या ऐसपैस शीर्षकापेक्षा ‘१६१६ साली रायतूर येथे छापलेल्या क्रिस्तपुराणाची मराठी’ हे शीर्षक कमी माणसे आणील. पण जी येतील ती शेवटपर्यंत बसतील आणि दुसऱ्या दिवशी पुस्तक मागतील. वाचनालयाला पाहणाऱ्यांच्या आकड्याचे काय करायचे? शंभर वर्षे जी कपाटे आपण जपली, ती उघडणारा माणूस आपल्याला हवा आहे. चटकदार शीर्षक देऊन बोलावलेला श्रोता ती उघडणार नाही.

उशिरा येणाऱ्यांची सोय कीर्तनकाराकडून शिकावी. पूर्वरंगात निरूपण कितीही दूर गेले तरी तो मूळ अभंगाच्या ध्रुपदावर परत येतो, त्यामुळे मध्येच येऊन बसलेल्यालाही धागा सापडतो. वक्त्यानेही पंधरा-वीस मिनिटांनी विषयाचे एक वाक्य पुन्हा उच्चारावे. सभागृहाला ते खटकणार नाही.

वेळेचे एक सांगायचे राहिले. आपले सायंकाळचे सहा म्हणजे दुबईचे साडेचार. तेथला मनुष्य अजून कचेरीत असतो. साडेसात ही वेळ त्याला बरी पडेल आणि डिचोलीहून शेवटच्या बसने परतणाऱ्याला अडचणीची. या दोहोंतून निवड करावी लागली तर मी बसवाल्याच्या बाजूने मत देईन. दुबईकराला तेच भाषण रात्री ऐकता येते. फक्त त्याआधी पाटीची ती दहा मिनिटे चित्रफितीतून कापून टाकावीत. येत्या व्याख्यानाला हा क्रम ठेवून पाहावा, अशी कार्यकारी मंडळाला माझी विनंती आहे.