संगणकी टपालाची पोंच

ऑगस्ट १९८२ हा महिना चंद्रपूरकरांस ठाऊक आहे तो त्याच्या २६ तारखेमुळें. त्या दिवशीं जुन्या चंद्रपूर जिल्ह्याचें विभाजन होऊन गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा अस्तित्वांत आला. त्याच महिन्यांत अमेरिकेंत जोनाथन पोस्टेल ह्या संगणकशास्त्रज्ञानें ई-मेल एका यंत्रानें दुसऱ्या यंत्राच्या हातीं कसा द्यावा ह्याचे नियम प्रसिद्ध केले. एसएमटीपी ह्या नांवानें ते नियम, कांहीं सुधारणांसह, अद्यापि चालू आहेत. ह्या अरण्यप्रदेशांतील एखाद्या विद्यार्थ्याचें वर्ष वांचणें किंवा बुडणें आज त्यांवर अवलंबून असूं शकतें.

समजा, भामरागडच्या एका मुलीनें महाविद्यालयाच्या संकेतस्थळावर प्रवेशाचा अर्ज भरला. "अर्ज मिळाला; अमुक तारखेपर्यंत मूळ कागदपत्रें घेऊन यावें," असें पत्र संकेतस्थळानें तिला आपोआप धाडावयाचें आहे. तें धाडण्याची सारी खटपट प्रोग्रामर स्वतः लिहीत बसत नाहीं. पीएचपीसाठीं पीएचपीमेलर, पायथनसाठीं एसएमटीपीलिब, जावास्क्रिप्टसाठीं नोडमेलर असे आज्ञांचे तयार संच आहेत. त्यांस लायब्ररी म्हणतात. प्रोग्रामरनें पत्ता, विषय व मजकूर दिला कीं पुढील बोलणें लायब्ररी करते. ती टपालाच्या सर्व्हरला नमस्कार करते, स्वतःची ओळख पटविते, पाठविणाऱ्याचा व घेणाऱ्याचा पत्ता सांगते, मजकूर देते आणि शेवटीं एका ओळींत केवळ एक टिंब ठेवून मजकूर संपल्याचें कळविते. सर्व्हर २५० हा अंक परत देतो. त्याचा अर्थ, "स्वीकारलें."

येथेंच पुष्कळांचा घोटाळा होतो. टपालकचेरींतील कारकुनानें खिडकींतून पत्र आंत घेतलें म्हणजे तें घरीं पोहोंचलें असें कोणी समजत नाहीं. पोंचपावती निराळी असते. २५० हा त्या खिडकीवरचा होकार होय. तेवढ्यावर संकेतस्थळानें "पत्र पोहोंचलें" असें जाहीर करणें खोटें ठरतें. "पत्र रवाना झालें" एवढेंच म्हणतां येतें.

पुढील सर्व्हरनें ४ ने आरंभ होणारा अंक दिला, तर अडचण तात्पुरती असते. पत्र रांगेंत ठेवून पुनः पुनः प्रयत्न होतो. निदान चार-पांच दिवस प्रयत्न सोडूं नये, अशी नियमांत शिफारस आहे. ५ ने आरंभ होणारा अंक आला, तर पत्र नाकारलें गेलें, आणि तशी सूचना पाठविणाऱ्याच्या पत्त्यावर परत येते. तो पत्ता कोणी उघडून पाहतच नसेल, तर मुलीनें पत्ता लिहितांना केलेली एका अक्षराची चूक कोणासच कळत नाहीं. शिवाय पाठविणारा खरा आहे ह्याचा पुरावा लागतो. एसपीएफ व डीकेआयएम ह्या नांवांनीं तो दिला जातो. मोठ्या संख्येनें पत्रें पाठविणाऱ्यांवर गूगल व याहू ह्यांनीं फेब्रुवारी २०२४ पासून त्याची सक्ति केली आहे. पुरावा नसलेलें पत्र स्पॅमच्या अडगळींत पडतें किंवा दारांतूनच परत जातें.

२०१९ च्या पावसाळ्यांत पर्लकोटेच्या पुरानें भामरागडचा संपर्क वारंवार तुटला होता. अशा मुलखांत ई-मेलचा एक गुण मोठा आहे. घेणाऱ्याचा फोन बंद असला तरी पत्र तिच्या पेटींत वाट पाहत राहतें. पण प्रवेशाची शेवटची तारीख वाट पाहत नाहीं.

म्हणून संकेतस्थळ चालविणाऱ्या संस्थेनें थोडी काळजी घ्यावी. अर्ज आधीं नोंदवहींत पक्का करावा आणि पत्र पाठविण्याचें काम निराळ्या रांगेकडे सोंपवावें; म्हणजे टपालाचा सर्व्हर बंद पडला तरी अर्ज बुडत नाहीं. अर्जाचा क्रमांक व शेवटची तारीख त्याच क्षणीं पडद्यावर दाखवावी. परत आलेल्या सूचना रोज एका माणसानें वाचाव्या, आणि ज्यांची पत्रें परत आलीं त्यांस फोन करावा.

लायब्ररीचें कर्तव्य २५० ह्या अंकाशीं संपतें. संस्थेचें कर्तव्य ती मुलगी कागदपत्रें घेऊन दारीं येईपर्यंत संपत नाहीं.