हस्तिदंताची फणी विकण्याआधी

जुन्या वस्तूंना सध्या भलताच भाव आलाय. तांब्याचे हंडे, पितळी समया, लाकडी पाट असं गोळा करून आपले काही गट प्रदर्शनात मांडतात, कुरिअरने पाठवतात. धंदा चांगला आहे. पण एखाद्या वाड्यातल्या सामानात हस्तिदंताची फणी निघते, कुंकवाचा करंडा निघतो, सोंगट्या निघतात. तिथे मात्र थांबायचं.

विकणारा म्हणतो, “ताई, शंभर वर्षांची वस्तू आहे, जुन्याला कायदा लागत नाही.” आपल्या देशात हे खरं नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालचा. १९७७ साली हत्ती त्याच्या पहिल्या अनुसूचीत गेला, म्हणजे वाघाच्या पंगतीला बसला. १९८६ साली देशी हस्तिदंताचा व्यापार बंद झाला, आणि १९९१ साली आफ्रिकेतून येणाऱ्या हस्तिदंताचाही. फणी पणजीच्या काळातली असली तरी विकता येत नाही, विकतही घेता येत नाही.

मग ज्यांच्या घरात आधीपासून आहे त्यांचं काय? त्यांच्याकडे वनखात्याचा मालकी दाखला हवा. दाखला असला तरी वस्तू ठेवता येते, विकता येत नाही. भाचीच्या लग्नात आहेर म्हणून देऊ म्हणाल, तर तेही नाही. ती पुढे जाते फक्त वारशाने, आणि वारसाने नव्वद दिवसांत वनखात्याला कळवायचं असतं. हे शेवटचं फार थोड्या घरांना ठाऊक असतं.

पाठवण्यात तर दुहेरी अडचण. परवानगी आहे का हे पाहिल्याशिवाय अशी वस्तू वाहतुकीला घेऊ नये, असं कायदा कुरिअरवाल्यालाही सांगतो. परदेशी पाठवायची तर निर्यात बंद आहेच, शिवाय शंभर वर्षांपुढची कलावस्तू असेल तर पुरावशेषांचा वेगळा कायदाही आडवा येतो. पार्सलवर “हाडाची वस्तू” लिहिलं की सुटलो, असं कुणी शिकवलं तर ऐकू नका. तपासणीत हाड कुठलं नि दात कुठला ते कळतं, आणि पावतीवर जिचं नाव तिलाच पहिली विचारणा होते.

शिक्षाही साधी नाही. गुन्हा सिद्ध झाला तर तीन ते सात वर्षं कैद आणि कमीत कमी पंचवीस हजार रुपये दंड. दोनशे-पाचशेच्या नफ्यासाठी!

जत्रेत हत्तीच्या शेपटीच्या केसाची अंगठी मिळते ना, नजर लागू नये म्हणून घालतात ती? केस खरा असेल तर तीही याच कायद्यात येते. गटाच्या मालात ती नकोच.

घरात दाखला नसलेली वस्तू सापडली, तर ती लपवू नका, मोडू नका आणि कुणाच्या हाती देऊ नका. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते. तिथे बाईला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. आधी त्याला भेटा, मग वनपरिक्षेत्र कार्यालयात जा.