गरोदरपणातील मधुमेह : तपासणीचे वेळापत्रक आणि बाईचे वेळापत्रक



प्रसूतिशास्त्र, मधुमेहशास्त्र, बालरोगशास्त्र आणि आहारशास्त्र या शाखांतील मंडळी एका सभागृहात क्वचितच जमतात, आणि जमली तरी प्रत्येक शाखा आपापल्या वाट्याला आलेल्या महिन्यांपुरतेच बोलते. गरोदरपणातील मधुमेह मात्र एका शाखेच्या दारात उघड होतो, दुसरीच्या औषधाने आटोक्यात येतो, तिसरीच्या कक्षेत बाळाच्या रूपाने दिसतो आणि नंतर बहुधा कोणाच्याच नोंदवहीत उरत नाही. या विकाराच्या निदानासाठी कोणता आकडा प्रमाण मानावा, यावर अशा परिषदांत आजवर पुष्कळ खल झाला आहे; तपासणी ज्या आठवड्यात व्हायला हवी त्या आठवड्यात ती स्त्री कोठे असते, हा प्रश्न त्या मानाने उपेक्षित राहिला असल्याने प्रस्तुत विवेचनाचा रोख तिकडे आहे.

गरोदरपणातच प्रथम आढळणारी रक्तातील वाढीव साखर, अशी या विकाराची ढोबळ व्याख्या करता येते. वार, म्हणजे गर्भाशयाच्या भिंतीला चिकटून नाळेवाटे बाळाला पोसणारा अवयव, जसजशी वाढते तसतशी तिच्यातून स्रवणारी संप्रेरके आईच्या पेशींना इन्सुलिनला पुरेशी दाद देऊ देत नाहीत. या अवस्थेला इन्सुलिन-प्रतिरोध म्हणतात. एका मर्यादेपर्यंत ही योजना बाळाच्या सोयीचीच आहे, कारण जेवणानंतर आईच्या रक्तात साखर थोडी अधिक वेळ राहिली म्हणजे ती बाळाच्या वाट्याला येते. बहुतेक स्त्रियांचे स्वादुपिंड जादा इन्सुलिन निर्माण करून ही तूट भरून काढते. ज्यांची ही क्षमता मुळात तोकडी असते, त्यांची साखर साधारणपणे चोविसाव्या आठवड्याच्या सुमारास चढू लागते, आणि तीही बहुधा कोणतेही लक्षण न दाखवता. वारंवार लघवी, थकवा, जास्त भूक या तक्रारी गरोदरपणात तशाही असतातच, त्यामुळे लक्षणांची वाट पाहून हा मधुमेह ओळखू म्हणणाऱ्याला तो सहसा ओळखता येत नाही.

साखर वारेतून पलीकडे जाते, आईचे इन्सुलिन मात्र जात नाही, या साध्या वस्तुस्थितीवर डेन्मार्कचे यॉर्गन पेडरसन यांनी १९५० च्या दशकात आपली मांडणी उभी केली. आईकडून आलेल्या जादा साखरेला तोंड देण्यासाठी बाळाचे स्वादुपिंड स्वतःच जादा इन्सुलिन तयार करते, त्या इन्सुलिनमुळे बाळाच्या अंगावर, विशेषतः खांद्यांवर आणि पोटावर, चरबी साठते, आणि जन्मानंतर नाळ कापली जाऊन साखरेचा पुरवठा थांबला तरी इन्सुलिन चढेच राहिल्यामुळे पहिल्या काही तासांत बाळाची साखर एकाएकी उतरते. प्रसूतीत खांदा अडकणे आणि नवजात बाळाची साखर घसरणे या दोन वेगळ्या भासणाऱ्या संकटांचे मूळ असे एकच आहे.

१९६४ मध्ये बोस्टनच्या ओ'सलिव्हन आणि महान यांनी निदानाचे जे निकष मांडले, ते आईला पुढे मधुमेह होईल का याचा अंदाज बांधण्यासाठी होते, बाळाला काय होईल हे सांगण्यासाठी नव्हते. बाळाचा हिशेब २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'हापो' या बहुराष्ट्रीय अभ्यासाने मांडला. नऊ देशांतील १५ केंद्रांतल्या २३ हजारांहून अधिक गर्भवतींच्या माहितीवरून असे दिसले की, आईची साखर जसजशी वाढते तसतसे धोके पायरीपायरीने वाढत जातात, आणि अमुक आकड्याच्या अलीकडे निर्धोक व पलीकडे धोकादायक अशी स्पष्ट सीमारेषा सापडत नाही. त्या नऊ देशांत भारत नव्हता. सीमारेषाच नसल्याने ती कोठे आखायची हे पुढे तज्ज्ञांच्या सहमतीने ठरले, आणि २०१० मध्ये उपाशीपोटी ९२, ग्लुकोज घेतल्यावर एका तासाने १८० व दोन तासांनी १५३ हे आकडे, दर डेसिलिटरला मिलिग्रॅम या मापात, मान्य झाले. सहमतीने ठरलेल्या आकड्याला निसर्गनियमाचा मान देऊन त्यावर हमरीतुमरी करणे, हे निदान या परिषदेत तरी टळावे.

भारतात याच प्रश्नाचे वेगळे उत्तर शोधले गेले. चेन्नईचे डॉ. व्ही. शेषय्या, ज्यांचा १० मार्च हा जन्मदिवस देशात या विकाराच्या जागृतीचा दिवस म्हणून पाळला जातो, त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उपाशीपोटी येण्याची अटच काढून टाकली, कारण लांबून आलेल्या गर्भवतीला 'उद्या उपाशी या' असे सांगितले की ती पुष्कळदा पुन्हा येतच नाही. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांतही हीच पद्धत आहे : आधी काहीही खाल्लेले असो, ७५ ग्रॅम ग्लुकोज सुमारे ३०० मिलिलिटर पाण्यात विरघळवून पाच-दहा मिनिटांत प्यायचे, दोन तासांनी रक्तातील साखर मोजायची, आणि ती १४० किंवा त्याहून अधिक भरली तर मधुमेह समजायचा. अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर चाचणी दुसऱ्या दिवशी पुन्हा करावी लागते. उपकेंद्राच्या बाकावर त्या अतिगोड पाण्याचा पेला संपवताना पहिलटकरणीला मळमळते, दोन तास बसायचे म्हटल्यावर सोबत आलेली सासू घड्याळाकडे पाहू लागते, आणि आरोग्यसेविकेने त्या दोघींना थोपवून धरले नाही तर चाचणी अर्धीच राहते. उपाशीपोटीच्या चाचणीशी तुलना करता या पद्धतीतून बऱ्याच जणी निसटतात, असे काही भारतीय अभ्यासांतून दिसले आहे आणि तो आक्षेप गंभीर आहे. तथापि जी चाचणी होतच नाही तिच्यातून सगळ्याच निसटतात, हेही तितकेच खरे असल्याने उपकेंद्राच्या पातळीवर हीच पद्धत चालू राहणे योग्य ठरेल.

ही चाचणी दोनदा करायची असते, गर्भवती प्रथम तपासणीला येईल तेव्हा आणि नंतर २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान. पहिल्या वेळेचे महत्त्व असे की, काही स्त्रियांना मधुमेह गरोदरपणाआधीपासूनच असतो आणि तो तेव्हाच प्रथम कळतो. बाळाचे हृदय, मेंदू, पाठीचा कणा पहिल्या सात-आठ आठवड्यांतच घडत असल्याने त्या काळातील चढ्या साखरेमुळे जन्मजात व्यंगाचा धोका वाढतो, म्हणून आधीच मधुमेह असलेल्या स्त्रीने गर्भधारणेपूर्वीच साखर आटोक्यात आणणे आवश्यक असते. तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीए१सी ही चाचणी तिथे उपयोगी पडते. गरोदरपणात मात्र तांबड्या पेशींची उलाढाल बदललेली असते आणि त्यात आपल्याकडचा रक्तक्षय मिसळला की तिच्यावर विसंबणे धोक्याचे ठरते.

दुसऱ्या चाचणीचे आठवडे आणि महाराष्ट्रातील पहिलटकरणीचे दिवस यांची गाठ मात्र नेमकी वाईट पडते. सातवा महिना लागला की डोहाळजेवण होते आणि पहिल्या बाळंतपणासाठी मुलगी माहेरी जाते. सासरच्या आशाताईंच्या यादीत ती 'गावाला गेली' म्हणून उरते, माहेरच्या यादीत ती अजून आलेली नसते, आणि पहिला अहवाल सासरच्या कपाटात राहून जातो. बीड परिसरातून ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्यांची गत आणखी कठीण. मुकादमाची उचल घेऊन दिवाळीच्या आगेमागे पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात गेलेली गर्भवती पाचव्या महिन्यात निघून आठव्या-नवव्या महिन्यात परतली, तर तपासणीचा सगळा काळ फडात जातो. अशा स्त्रीची नोंद निघण्यापूर्वीच पुढच्या आरोग्य केंद्राकडे पोहोचवणे, आणि माता-बाल संरक्षण कार्डावर चाचणीचा आकडा तारखेसह लिहून ते कार्ड तिच्या पिशवीतच राहील याची खात्री करणे, ही महागडी कामे नव्हेत.

निदान झाल्यावर पहिले दोन आठवडे आहार आणि चालणे यांवरच भर असतो. इथे डॉक्टरांच्या छापील तक्त्याची गाठ 'दोन जिवांची आहेस, पोटभर खा' या मायेशी पडते. गर्भवतीला उपाशी ठेवायचे नसते. एकाच वेळी पोटात जाणारे पिष्ट विभागायचे असते. इन्सुलिन-प्रतिरोध सकाळी सर्वाधिक असल्याने गोड चहा, बिस्किटे आणि बशीभर पोहे ही न्याहारी साखर सर्वांत जास्त चढवते. तेच पोहे निम्मे करून त्यांत मोड आलेली मटकी घातली, किंवा भाकरीसोबत उसळ वा अंडे घेतले आणि उरलेला वाटा दोन-अडीच तासांनी खाल्ला, तर चढ बराच कमी होतो. ज्या घरात चतुर्थी-एकादशी मोडत नाही, तिथे साबुदाण्याची खिचडी आणि बटाटा यांचा उपास साखरेच्या दृष्टीने मेजवानीच असते, हे सासूबाईंसमोरच सांगितलेले बरे.

दोन आठवड्यांनंतरही जेवणानंतरच्या दोन तासांची साखर १२० च्या खाली येत नसेल तर औषध सुरू करावे लागते. विसाव्या आठवड्यानंतर मेटफॉर्मिनचा पर्याय आहे, पण ते वारेपलीकडे जाते. इन्सुलिन जात नाही, म्हणून अनेक तज्ज्ञ त्यालाच पहिली पसंती देतात. 'सुई लागली म्हणजे आता जन्माची लागली' ही भीती पहिल्याच भेटीत दूर केली पाहिजे, कारण वार बाहेर पडताच बहुतेक स्त्रियांची इन्सुलिनची गरज संपते. फ्रिज नसलेल्या घरात बाटली ओल्या वाळूत ठेवलेल्या मडक्यात सांभाळता येते. साखर आटोक्यात असेल तर केवळ मधुमेह आहे म्हणून घाईने सिझेरियन करण्याचे कारण नसते, आणि बाळाला पहिल्या तासात अंगावर पाजून त्याची साखर मोजली की प्रसूतिगृहातले मुख्य काम झाले.

खरी गळती यापुढे होते. ज्या स्त्रीला गरोदरपणात हा विकार झाला, तिला पुढील आयुष्यात टाइप-२ मधुमेह होण्याची शक्यता इतर स्त्रियांच्या सात ते दहा पट असते, असे अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणातून दिसले आहे. म्हणून प्रसूतीनंतर सहा आठवड्यांनी, या वेळी मात्र उपाशीपोटी, ७५ ग्रॅम ग्लुकोजची चाचणी पुन्हा करायची असते. तोवर साखर उतरलेली असते, अळिवाचे आणि डिंकाचे लाडू चालू झालेले असतात, घरातल्या सर्वांचे डोळे बाळाकडे लागलेले असतात, आणि ही चाचणी राहून जाते. बाळाच्या भवितव्याचाही प्रश्न इथे गुंतलेला आहे. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत केलेल्या अभ्यासात सरासरी २.७ किलो वजनाची आपली बाळे इंग्लंडमधील बाळांपेक्षा लहान, स्नायूंनी कमी, तरी चरबीने त्या मानाने भरलेली आढळली. वजनकाटा ज्यांना किरकोळ ठरवतो त्यांच्यातच पुढच्या मधुमेहाची बीजे असू शकतात, तेव्हा 'बाळ काही मोठे नव्हते' एवढ्यावरून आईची चाचणी टाळणे आपल्याकडे विशेष अयोग्य होय.

सहाव्या आठवड्यात बाळाला लसीसाठी आणले जाते आणि ही भेट माहेरी असो वा सासरी, सहसा चुकत नाही. त्याच दिवशी, त्याच बाकावर आईची चाचणी व्हावी, तिने उपाशी यावे हा निरोप आशाताईंनी आदल्या दिवशी द्यावा, आणि आईचा आकडा बाळाच्या लसीच्या नोंदीशेजारी लिहिला जावा, असा ठराव या परिषदेने संमत करून शासनाकडे पाठवावा, अशी सूचना अध्यक्षस्थानावरून मांडण्यात येत आहे. खासगी प्रसूतिगृहांनी शासनाची वाट न पाहता घरी सोडतानाच्या कागदावर ही तारीख आजपासूनच लिहावी.